चार्ली चॅप्लिनचा न सापडलेला जन्मदाखला: एका वंशशोधाचं प्रकरण

१९५२च्या सप्टेंबरात चार्ली चॅप्लिन बायकामुलांना घेऊन बोटीने इंग्लंडला निघाला. बोट भर समुद्रात असताना अमेरिकेने त्याचा परत येण्याचा परवाना रद्द केला. त्याच काळात अमेरिकी यंत्रणांनी ब्रिटनच्या एमआय५ या गुप्तचर खात्याकडे विचारणा केली होती: हा माणूस मुळात कोण, कुठला, जन्मला कुठे? प्रश्न अगदी साधा वाटावा असा. लंडनमध्ये वाढलेला आणि जगभर लहान पोरंसुद्धा ओळखतील असा चेहरा. जन्म-मृत्यूच्या नोंदींच्या सूच्या तेव्हा जिथे असत त्या लंडनच्या सॉमरसेट हाउसमध्ये जायचं, १८८९ सालच्या जन्मनोंदींची सूची उघडायची आणि नाव शोधायचं, एवढंच काम.

खात्याच्या माणसांनी ‘चॅप्लिन’ या नावाने शोधलं. त्याचं खरं नाव ‘इझ्रायल थॉर्नस्टाइन’ असल्याची वदंता होती, म्हणून त्या नावानेही शोधलं. काही मिळालं नाही. तो पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोला जन्मला असंही कुणीकुणी म्हणत असे. त्याचीही चौकशी झाली, तिथेही काही हाती लागलं नाही. नोंद न सापडणं चमत्कारिक आहे, पण देशाच्या सुरक्षेशी त्याचा काही संबंध दिसत नाही, अशा अर्थाचा शेरा मारून खात्याने विषय संपवला. ही फाइल २०१२ साली खुली झाली. ती नोंद मात्र आजवर कुणाला सापडलेली नाही.

इंग्लंडमधले पूर्वज शोधायचे तर जन्म, विवाह आणि मृत्यू या तीन दाखल्यांची साखळी जोडत मागे जायचं, असं सगळेच सांगतात, आणि ते बरोबरही आहे. चॅप्लिनच्या बाबतीत या तिन्ही कड्या निसटतात. जन्माची नोंद मिळत नाही. लग्नं चार झाली, ती चारही इंग्लंडबाहेर. मरण आलं ते १९७७ साली नाताळच्या दिवशी, स्वित्झर्लंडमध्ये. असं असूनही त्याच्या घराण्याचा माग दोन पिढ्या मागे पक्का जातो, आणि तो जातो तो याच तीन प्रकारच्या दाखल्यांच्या आधाराने. फक्त ते दाखले त्याचे नाहीत, त्याच्या आजूबाजूच्या माणसांचे आहेत. सरळसोट उदाहरणापेक्षा हे प्रकरण मला जास्त शिकवणारं वाटतं, कारण प्रत्यक्षात कुठल्याही घराचं दप्तर सलग हाती येत नाही.

आधी थोडं या व्यवस्थेबद्दल

इंग्लंड आणि वेल्समध्ये सरकारी नोंदणी १ जुलै १८३७ला सुरू झाली. त्याआधी जे काही आहे ते चर्चच्या वह्यांत: बाप्तिस्मा, विवाह, दफन. नोंदणीसाठी देशाचे जिल्हे पाडले, प्रत्येक जिल्ह्याला निबंधक नेमले. जन्म झाल्यापासून ४२ दिवसांत नोंदवायचा. सुरुवातीला नोंदी गोळा करण्याचा भार निबंधकावर होता आणि पुष्कळ मुलं सुटून जात. १८७४च्या कायद्याने तो भार आईबापांवर आला आणि १८७५पासून न नोंदवणाऱ्याला दंडाची तरतूद झाली. वर्ष उलटून गेलं तर रजिस्ट्रार जनरलच्या, म्हणजे सगळ्या नोंदणीवरच्या मुख्य अधिकाऱ्याच्या, लेखी परवानगीशिवाय नोंद होत नसे.

स्थानिक निबंधकाच्या वहीत मूळ नोंद होत असे. तिची नक्कल दर तीन महिन्यांनी वरच्या कार्यालयात, म्हणजे जनरल रजिस्टर ऑफिसात, जात असे आणि तिथे देशभराची एकत्र सूची बनत असे. म्हणून त्या काळच्या सूचीत महिना नसतो, तिमाही असते. आणि तिमाही असते ती नोंदवल्याच्या तारखेची, जन्माच्या तारखेची नव्हे. मार्चअखेर जन्मलेलं मूल मेमध्ये नोंदवलं असेल तर ते जूनच्या तिमाहीत मिळतं. नव्याने शोध घेणारे इथे हमखास चुकतात.

आता इथेच एक गोष्ट सांगायला हवी, कारण मराठी माणसाला ती चटकन कळेल. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीत किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो ते आठवून पाहा. शाळेत नाव घालताना मास्तरांनी तारीख विचारली, घरच्यांनी ‘पावसाच्या आधी झाला’ एवढंच सांगितलं, मास्तरांनी १ जून लिहिली, आणि तीच तारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत पक्की झाली. दाखल्यावर जे असतं ते कुणीतरी, कुठल्यातरी टेबलासमोर उभं राहून सांगितलेलं असतं. इंग्लंडचा दाखलाही याला अपवाद नाही. म्हणूनच त्यावर माहिती देणाऱ्याची सही, त्याचं मृताशी किंवा बाळाशी नातं आणि पत्ता यांचा वेगळा रकाना असतो. बरेच जण नाव आणि तारीख पाहून कागद बाजूला ठेवतात. मी आधी तो रकाना वाचतो.

न सापडणं पक्कं करायचं कसं

चॅप्लिनच्या आत्मचरित्रात, जे १९६४ साली आलं, त्याचा जन्म १६ एप्रिल १८८९ रोजी रात्री आठ वाजता लंडनच्या वॉलवर्थ भागातल्या ईस्ट लेनमध्ये झाल्याचं सांगितलं आहे. नकाशावर या रस्त्याचं नाव ईस्ट स्ट्रीट, लोकांच्या तोंडी ईस्ट लेन. आजही तिथे बाजार भरतो. १६ एप्रिलला ४२ दिवस मिळवले की २८ मे येतो. म्हणजे वेळेत नोंदवलं असेल तर १८८९ची जून तिमाही. वॉलवर्थ त्या काळी सेंट सेव्हिअर साउथवर्क या नोंदणी जिल्ह्यात येत असे आणि त्या जिल्ह्याच्या नोंदी सूचीच्या ‘१डी’ खंडात आहेत.

तिथे नाही. मग उशिरा नोंदवलं असेल म्हणून सप्टेंबर, डिसेंबर आणि पुढच्या वर्षाच्या तिमाह्या पाहायच्या. मग आडनावाची वेगवेगळी रूपं: चॅपलेन, चॅपलिंग, कॅपलिन. निबंधक कानाला ऐकू आलं तसं लिहीत असे आणि सांगणाऱ्याला बऱ्याचदा लिहिता-वाचता येत नसे. मग आईच्या माहेरच्या आडनावाने, म्हणजे ‘हिल’ म्हणून. मग आईच्या रंगमंचावरच्या नावाने, म्हणजे ‘हार्ली’ म्हणून. मग बिननावी मुलगा म्हणून, कारण नाव ठरायच्या आत नोंदवलेली बाळं त्या आडनावाच्या यादीच्या शेवटी नुसती ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ अशी येतात. मग शेजारचे जिल्हे, सर्वांत आधी लॅम्बेथ.

आज हे काम पूर्वीपेक्षा खूप सोपं झालं आहे. १८८९ सालच्या छापील सूचीत आईचं माहेरचं आडनाव नव्हतं. ते १९११च्या सप्टेंबर तिमाहीपासून येऊ लागलं. एमआय५च्या माणसांसमोर नुसतं नाव, जिल्हा, खंड आणि पान एवढंच होतं. २०१६ साली जनरल रजिस्टर ऑफिसने स्वतःची नवी ऑनलाइन सूची खुली केली. तिच्यात १८३७पासूनच्या जन्मांना आईचं माहेरचं आडनाव जोडलेलं आहे आणि मृत्यूंना वय. आता ‘चॅप्लिन, आई हिल, पुरुष, १८८९, दोन वर्षं मागेपुढे’ असा नेमका प्रश्न घरबसल्या विचारता येतो. आपल्यापैकी ज्यांच्या घरात इंग्रज आजी किंवा पणजी आहे, त्यांनी सुरुवात इथूनच करावी.

सूचीत नाही म्हणजे नोंदच नाही, असं मात्र लगेच म्हणू नये. वर गेलेली नक्कल करताना कारकुनाच्या हातून ओळ सुटू शकते. मूळ वही स्थानिक नोंदणी कार्यालयात असते आणि तिथे वेगळा अर्ज करून शोध घ्यावा लागतो. एवढं सगळं करूनही जेव्हा काही निघत नाही, तेव्हाच ‘नोंद सापडत नाही’ हे वाक्य लिहायला आपण मोकळे होतो. मग त्या माणसाला सोडून त्याच्या घराकडे वळायचं.

भावाचा दाखला आणि त्यातली रिकामी जागा

चार्लीचा मोठा भाऊ सिडनी. त्याची नोंद आहे. जन्म १६ मार्च १८८५, पत्ता ५७ ब्रँडन स्ट्रीट, वॉलवर्थ. नाव सिडनी जॉन, आईचं नाव हॅना हॅरिएट हिल. बापाचा रकाना मोकळा.

हा मोकळा रकाना पाहून लोक लगेच निष्कर्ष काढतात: बाप कोण ते माहीत नव्हतं. तसं नाही. १८७४च्या कायद्याप्रमाणे अविवाहित आईच्या मुलाच्या दाखल्यावर बापाचं नाव घालायचं तर बापाने स्वतः निबंधकासमोर येऊन आईबरोबर सही करावी लागे. आईने नुसतं सांगितलं म्हणून ते लिहिता येत नसे. तेव्हा त्या रकान्याचा खरा अर्थ एवढाच, की त्या दिवशी सही करायला कुणी आलं नाही. बाप ठाऊक होता की नव्हता, तो गावात होता की नव्हता, यातलं काहीही त्या मोकळ्या जागेतून कळत नाही. सिडनीचा बाप हॉक्स नावाचा कुणी होता, असं हॅना पुढे सांगत असे. दाखला त्यावर काहीच बोलत नाही, आणि त्याला बळजबरीने बोलतं करू नये.

पुढचा कागद त्याच पत्त्यावर मिळतो. २२ जून १८८५, वॉलवर्थच्या लारकम स्ट्रीटवरचं सेंट जॉन चर्च. चार्ल्स चॅप्लिन आणि हॅना हिल यांचं लग्न. सिडनीच्या जन्मानंतर मोजून १४ आठवड्यांनी. आणि दोघांचाही राहण्याचा पत्ता: ५७ ब्रँडन स्ट्रीट.

एकटा विवाहदाखला हाती असता तर या पत्त्यावर मी फारसा भरवसा ठेवला नसता. चर्चमध्ये लग्न लावायचं तर त्या पॅरिशमध्ये, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीत, राहणं दाखवावं लागे, म्हणून बरीच जोडपी सोयीचा एकच पत्ता देत. पण सिडनीच्या जन्मदाखल्यावरही तोच पत्ता आहे. दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या वह्यांत, वेगळ्या माणसांसमोर तोच दरवाजा येतो, तेव्हा तो घराचाच दरवाजा असतो. मूल झालं, आणि तीन महिन्यांनी त्याच घरातून निघून जवळच्या चर्चमध्ये लग्न झालं. त्यानंतर सिडनीने ‘चॅप्लिन’ हेच आडनाव लावलं. नंतर लग्न झालं म्हणून आधीचं मूल औरस ठरवण्याची सोय मात्र इंग्लंडच्या कायद्यात तेव्हा नव्हती. ती १९२६च्या कायद्याने आली. म्हणून त्याचा जन्म सूचीत ‘हिल’खालीच शोधावा लागतो. ‘चॅप्लिन’खाली शोधणाऱ्याला वाटेल, या भावाचीही नोंद नाही.

इंग्लंडच्या विवाहदाखल्यावर वधू-वरांच्या बापांची नावं आणि बापांचे धंदे असतात. आयांची नावं पूर्वी नसत. आईचं नाव विवाहाच्या नोंदीत यायला लागलं ते ४ मे २०२१पासून. जवळजवळ १८४ वर्षं लाखो लग्नांत आईला जागाच नव्हती, आणि याची सवय झालेल्या संशोधकालाही तो फरक पाहताना थबकायला होतं. आईकडचा धागा धरायचा तर जन्मदाखल्याकडेच जावं लागतं, कारण तिथे आईचं माहेरचं आडनाव सुरुवातीपासून आहे.

विवाह शोधण्याची एक युक्तीही इथे सांगून टाकतो. सरकारच्या त्या नव्या सूचीत विवाह नाहीत. १९१२च्या आधीच्या छापील सूचीत जोडीदाराचं आडनावही नाही. पण नवरा आणि नवरी दोघांची नावं आपापल्या आडनावाखाली स्वतंत्र येतात, आणि एकाच नोंदीतली म्हणून दोघांपुढे तिमाही, जिल्हा, खंड आणि पान तंतोतंत एकच असतं. दोन आडनावं घ्यायची आणि हे चारही जुळतात का ते पाहायचं. फ्रीबीएमडी या १९९८पासून स्वयंसेवकांनी चालवलेल्या उपक्रमात हे फुकट करता येतं. अशा लोकांचे उपकार मानावेत तेवढे थोडेच.

एक पायरी मागे

लग्नाच्या कागदावरून दोन्हीकडची घरं उघडतात. नवरा चार्ल्स, जन्म १८ मार्च १८६३, लंडनच्या मॅरिलबोनमध्ये. त्याचा बाप स्पेन्सर चॅप्लिन, धंदा खाटकाचा, मूळचा सफकचा. स्पेन्सरचं लग्न १८५४ साली इप्सविचला एलेन एलिझाबेथ स्मिथ हिच्याशी झालं. पुढे हे कुटुंब लंडनला आलं आणि स्पेन्सर दारूचा गुत्ता चालवू लागला. मुलगा म्युझिक हॉलचा, म्हणजे गाण्या-विनोदाचे खेळ होत त्या थिएटरांतला, गायक झाला. खाटीक, मग गुत्तेवाला, मग गायक: दाखल्यांवरचे धंद्यांचे रकाने एकाखाली एक मांडले की खेड्यातून शहरात आलेल्या घराची अख्खी चाल दिसते.

आडनाव ‘स्मिथ’ आलं की शोध घेणारा सुस्कारा सोडतो. इंग्लंडमधलं हे सर्वांत सामान्य आडनाव, सूचीत पानंच्या पानं भरलेली. अशा वेळी नुसत्या सूचीवर घराणं उभं करणं म्हणजे वाळूवर भिंत बांधणं. दाखला मागवायचा, बापाचं नाव आणि धंदा पाहायचा, आणि त्या बापाशी जुळणारी मुलगीच पुढे न्यायची.

हॅनाकडची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. तिचा जन्म ६ ऑगस्ट १८६५, वॉलवर्थमध्येच. बाप चार्ल्स हिल, जोडे बनवणारा. आई मेरी ॲन. पण मेरी ॲनचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा हॉजेस आडनावाचा, दुकानांच्या पाट्या रंगवणारा. तो वारल्यावर तिने १८६१ साली हिलशी लग्न केलं. म्हणजे एकाच बाईची तीन आडनावं: माहेरचं, पहिल्या घरचं आणि दुसऱ्या घरचं. इंग्लंडच्या जन्मदाखल्यावर अशा आईसाठी ठरलेली भाषा आहे. सध्याच्या आडनावापुढे ‘लेट’ लिहून आधीच्या नवऱ्याचं आडनाव येतं आणि मग ‘फॉर्मर्ली’ लिहून माहेरचं. हे ‘लेट’ आपण कैलासवासी म्हणतो त्या अर्थाचं नव्हे; ‘याआधी या नावाची’ एवढाच त्याचा अर्थ. बाई जिवंत असताना तिला मृत समजून झाडावर चुकीची तारीख चढवलेली वंशावळ पाहिली की वाईट वाटतं, कारण त्यापुढचा सगळा शोध त्या एका शब्दावर घसरलेला असतो.

नोंदणीबाहेरचे साक्षीदार

आता मूळ प्रश्नाकडे. चार्लीच्या जन्माबद्दल त्या काळात कुणी काही लिहून ठेवलं का? ठेवलं. ‘द मॅग्नेट’ या म्युझिक हॉलच्या व्यवसायातल्या पत्रात ११ मे १८८९ला एक छोटीशी जाहिरात आहे: गेल्या महिन्याच्या १५ तारखेला चार्ल्स चॅप्लिन यांच्या पत्नीला, म्हणजे पूर्वाश्रमीच्या लिली हार्ली यांना, सुंदर मुलगा झाला, आई आणि बाळ सुखरूप आहेत. लिली हार्ली हे हॅनाचं रंगमंचावरचं नाव.

या चार ओळी मला फार मोलाच्या वाटतात. जन्माला महिनाही झालेला नाही. धंद्यातल्या माणसांना कळावं म्हणून घरच्यांनीच दिलेली बातमी आहे. तारीख मात्र १५ एप्रिल, आणि चॅप्लिन जन्मभर सांगत आला ती १६. एका दिवसाचा फरक. मी यावरून १५ तारीख खरी असं म्हणणार नाही. बातमी देणाऱ्याने किंवा जुळारीने एक दिवस इकडचा तिकडे केला असू शकतो. पण वय, आईबाप आणि वर्ष याबद्दल शंका उरत नाही, आणि ‘थॉर्नस्टाइन’ची वदंता इथेच गळून पडते. दुसरी गोष्ट: जाहिरातीत ठिकाण नाही. बाप त्या सुमारास उत्तरेत हल शहरी कार्यक्रम करत होता, म्हणजे तो घरी नव्हता. निबंधकाकडे जायचं काम बाळंतिणीवर पडलं असणार. आपल्याकडेही अशा कामांना घरातला एक पुरुष पळत असतो. तो नसला की कागद राहून जातो.

पुढची कागदपत्रं गरिबीने तयार केली. नवराबायको वेगळे झाले, हॅनाचा आवाज गेला, मग तब्येत, मग मनाचा तोल. १८९६ साली सात वर्षांचा चार्ली आणि अकरा वर्षांचा सिडनी वर्कहाउसमध्ये गेले, आणि त्याच वर्षी १८ जूनला हॅनवेलच्या निराधार मुलांच्या शाळेत. वर्कहाउस म्हणजे सरकारी खर्चाने चालणारं निर्धनांचं घर. तिथे दाखल करताना अधिकारी खोदून खोदून विचारत: लग्न कधी झालं, कुठल्या चर्चमध्ये, नवरा कुठे राहतो, तो काय कमावतो. हे प्रश्न करुणेपोटी नव्हते. या माणसाचा खर्च कुठल्या पॅरिशने सोसायचा आणि बापाकडून किती वसूल करायचं हे ठरवायचं होतं. बापाने आठवड्याला १५ शिलिंग द्यावेत असा हुकूम निघाला आणि तो वेळेवर पाळला गेला नाही. पण त्या पैशांच्या हिशेबापायी त्या वह्यांत कुटुंबाची अशी माहिती उतरली जी कुठल्या दाखल्यावर कधीच आली नसती. खात्यापित्या घरातल्या माणसांबद्दल इतका बारकाईने लिहिलेला कागद सहसा नसतो. या वह्या आता लंडन शहराच्या अभिलेखागारात पाहता येतात. लॅम्बेथ वर्कहाउसच्या रेनफ्रू रोडवरच्या इमारतीत आज सिनेमाचं संग्रहालय आहे.

खानेसुमारीही आहे. ती दर दहा वर्षांनी होते, १८९१ला ५ एप्रिलच्या रात्रीची आणि १९०१ला ३१ मार्चच्या रात्रीची. पहिल्या वेळी हॅना मुलांना घेऊन आपल्या आईबरोबर, वॉलवर्थच्याच बार्लो स्ट्रीटवर दिसते. दुसऱ्या वेळी चार्ली लॅम्बेथच्या फर्नडेल रोडवर, ज्या पोरांच्या नाचाच्या मंडळीत तो काम करत होता तिच्या मालकांच्या घरी राहतोय, आणि व्यवसायाच्या रकान्यात म्युझिक हॉलचा कलावंत म्हणून लिहिला आहे. बारा वर्षांचाही झाला नव्हता तो. एवढ्या लहान पोरापुढे व्यवसाय लिहिलेला पाहून पोटात तुटतं.

त्याच वर्षी ९ मेला बाप वारला, सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये. दारूने गेला. आत्मचरित्रात वय सदतीस दिलं आहे; जन्मनोंदीवरून हिशेब केला तर अडतीस पूर्ण झालेले होते. वयाचा हा असा फरक मृत्यूच्या कागदांत नेहमीचाच. मेलेला माणूस स्वतःचं वय सांगत नाही. ते बहीण सांगते, शेजारी सांगतो, हॉस्पिटलचा कारकून सांगतो. आणखी एक लक्षात ठेवायचं: आपल्या मृत्यूदाखल्यावर आईबापांची नावं असतात, इंग्लंडच्या त्या काळच्या दाखल्यावर ती नसतात. एकाच नावाची दोन माणसं एकाच जिल्ह्यात वारली असतील तर वय, धंदा, पत्ता आणि माहिती देणाऱ्याचं नातं एवढ्यावरच ओळख पटवावी लागते. स्कॉटलंडच्या दाखल्यावर मात्र आईबाप दोघंही असतात, तिथे काम सोपं होतं.

हॅनाचा मृत्यू शोधायला इंग्लंडची सूची चाळणारा दमून जाईल. मुलांनी तिला १९२१ साली कॅलिफोर्नियाला नेलं आणि १९२८च्या ऑगस्टमध्ये ती तिथेच गेली.

कप्प्यातलं पत्र

चॅप्लिनची बायको ऊना १९९१ साली वारल्यावर त्याच्या मुलीला एका बंद कप्प्यात वडिलांनी जपून ठेवलेलं पत्र सापडलं. ते १९७०च्या दशकात टॅमवर्थच्या एका माणसाने लिहिलेलं. त्याचं म्हणणं, चार्ली लंडनला जन्मलाच नाही. तो बर्मिंगहॅमजवळ स्मेथिकच्या ब्लॅक पॅच या जिप्सी वस्तीत, एका कॅराव्हॅनमध्ये जन्मला. पत्र लाखोंनी येत असतील अशा माणसाने नेमकं हेच कुलपात ठेवलं, यावरून अनेकांना ते खरं वाटतं. आजीत जिप्सी रक्त असल्याचं चॅप्लिन स्वतः अभिमानाने सांगत असे. ब्लॅक पॅचच्या लोकांनाही ही गोष्ट आपली वाटते, आणि ज्यांना कायम हुसकावून लावलं गेलं त्यांना ती आपली वाटावी यात काही चूक नाही.

पण पुरावा म्हणून ते पत्र घटनेनंतर ऐंशीहून जास्त वर्षांनी लिहिलेलं आहे, ऐकीव आहे, आणि त्याला जोड देणारी एकही त्या काळची नोंद नाही. त्याच्या विरुद्ध बाजूला सिडनीचा जन्म, आईबापांचं लग्न आणि १८९१चं घर अशी तीन ठिकाणं आहेत, तिन्ही वॉलवर्थमधली, तिन्ही चालत जाण्याच्या अंतरावर. मधल्या एका बाळंतपणापुरती हॅना शंभराहून जास्त मैलांवर गेली हे अशक्य नाही. नाटक-तमाशातली माणसं फिरतीवर असतात हे आपल्याला नव्याने सांगायला नको. पण जे शक्य आहे आणि जे दाखवता येतं, त्यांच्यात मी दाखवता येणाऱ्याच्या बाजूने उभा राहीन. पत्र फेकायचं मात्र नाही. ते टिपणात, तारीख आणि लेखकाचं गाव लिहून, जपून ठेवायचं.

हॅनाचा एक तिसरा मुलगाही होता, १८९२च्या ऑगस्टमध्ये जन्मलेला. त्याचा बाप लिओ ड्रायडन हा गायक. मुलाचं नाव त्याच्याच खऱ्या नावावरून जॉर्ज ड्रायडन व्हीलर. सहा महिन्यांचा असताना बाप त्याला घेऊन गेला. हा मुलगा मोठा होऊन विनोदी नट झाला आणि भारतात आणि पूर्वेकडच्या देशांत फिरतीवर असताना, १९१५ साली, बापाने त्याला कळवलं की पडद्यावरचा तो प्रसिद्ध चार्ली तुझा सावत्र भाऊ आहे. एका आईची तीन मुलं. एक ‘हिल’खाली, एक कुठेच नाही, एक ‘व्हीलर’ म्हणून. आडनाव धरून शोधणाऱ्याला हे तिघं कधीच एकत्र दिसणार नाहीत. आईचं नाव धरणाऱ्याला दिसतात.

भारताचा उल्लेख आलाच आहे तर आपल्याकडच्या वाचकांसाठी एक खूण. पुणे, खडकी, देवळालीच्या छावण्यांत किंवा भुसावळ, इगतपुरीच्या रेल्वे वसाहतींत राहिलेले इंग्रज आणि अँग्लो-इंडियन पूर्वज इंग्लंडच्या सामान्य सूचीत बहुतेक सापडत नाहीत. मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नकला लंडनला पाठवल्या जात. त्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात, ‘एन/३’ या मालिकेत आहेत. त्या चर्चच्या नोंदी असल्यामुळे बाप्तिस्म्याची तारीख जन्माच्या कितीतरी नंतरचीही असू शकते, तेवढं पाहून घ्यावं.

चार्लीच्या झाडावर माझी नोंद आता अशी आहे. नाव: चार्ल्स चॅप्लिन. आई: हॅना हॅरिएट हिल. बाप: चार्ल्स चॅप्लिन, गायक. जन्म: १५ किंवा १६ एप्रिल १८८९, १५ तारीख त्या वर्षीच्या छापील जाहिरातीवरून, १६ त्याच्या स्वतःच्या सांगण्यावरून. ठिकाण: बहुधा वॉलवर्थ, लंडन, आधार त्याचं स्वतःचं कथन आणि भावाच्या जन्माचा, आईबापांच्या लग्नाचा व १८९१च्या खानेसुमारीचा पत्ता. दुसरा दावा: स्मेथिक, १९७०च्या दशकातल्या पत्रावरून, आधार नाही. सरकारी जन्मनोंद: ‘चॅप्लिन’ या आडनावाखाली सापडत नाही. आणि त्याखाली, ज्या ज्या नावांनी, जिल्ह्यांत आणि तिमाह्यांत शोध घेऊन झाला त्यांची यादी, म्हणजे पुढे येणाऱ्याला तीच पानं पुन्हा उलटावी लागू नयेत.